खाटेवर सरकणारा बाप

चष्मेवाल्यांची बायको कुणासाठी तरी रडत होती, आणि तो कुणीतरी चष्मेवाले नव्हते, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. बाकी काही कळत नव्हतं.

रडणं चोरून नव्हतं. घरातच, राजरोस, रविवारी दुपारी पडदे ओढून चालायचं. निमित्त एका जुन्या हिंदी सिनेमाचं, दर रविवारी तोच लागायचा. सिनेमा चारचौघांसारखाच. मुलगा बापाशी भांडून घर सोडतो, मोठ्या शहरात जातो, गरीब असताना त्याला एक नायिका भेटते आणि श्रीमंत झाल्यावर दुसरी, अधूनमधून गाणी होतात, एक माणूस जिन्यावरून पडतो आणि सगळं गमावून मुलगा घरी परत येतो. तोवर बाईंचे डोळे ठणठणीत कोरडे. पहिली नायिका गेली तेव्हा तर त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या होत्या. पण मुलगा दारात येऊन उभा राहतो. बाप खाटेवर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत पडलेला असतो. तो मुलाकडे बघत नाही, बोलत नाही, नुसता भिंतीकडे थोडा सरकतो आणि शेजारी जागा करतो. एवढंच. आणि इथे बाईंच्या डोळ्यांना धार लागायची.

आता, बाप सरकला म्हणून रडणारी बाई जगात असू शकते, हे चष्मेवाल्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं असतं. त्यांच्या दुकानात एक गृहस्थ नवा चष्मा लावल्यावर रस्त्यापलीकडची पाटी वाचता आली म्हणून ढसाढसा रडले होते, आणि पाटीवर 'येथे गाडी लावू नये' असं लिहिलेलं होतं. माणसाला कशाचंही रडू येतं. दुखणं वेगळंच होतं. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसणारे मास्तरही नेमके त्याच जागी रडायचे.

मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे शिंपी. एकटेच राहायचे. लोकांच्या लग्नाचे कपडे शिवता शिवता स्वतःचं राहून गेलं, असं ते सांगत. त्यांचा टीव्ही बिघडला तेव्हा चष्मेवाल्यांनीच त्यांना मोठ्या आग्रहाने बोलावलं होतं, "या की मास्तर, आमच्याकडे बघा." टीव्ही केव्हाच दुरुस्त झाला. मास्तर यायचे थांबले नाहीत.

सोफा तिघांचा. मधली जागा चष्मेवाल्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवली होती. टीव्ही तिथून नीट दिसतो असं ते सांगत. खरं तर पडद्याच्या फटीतला उजेड नेमका तिथेच यायचा. बापाचा प्रसंग जवळ आला की मास्तर हलकेच म्हणायचे, "वहिनी, आलं हं."

"हो, हो," बाई म्हणायच्या आणि पदर सारखा करायच्या, जसं काही दारात पाहुणेच येताहेत.

मग बाप सरकायचा. डावीकडून एक हुंदका, उजवीकडून एक हुंदका, आणि मध्ये चष्मेवाले, दोन वाहत्या नळांमध्ये ठेवलेल्या कोरड्या बादलीसारखे. त्यांच्या डोक्यावरून बाई मास्तरांना फडकं द्यायच्या. आणि फडकं कसलं, तर चष्मेवाल्यांच्याच दुकानाचं, चष्म्याबरोबर फुकट देतात ते निळं, मऊ. मास्तर ते घरी न्यायचे, धुवायचे आणि पुढच्या रविवारी चारी बाजूंनी बारीक शिवण घालून परत आणायचे. त्या शिवणीवरून चष्मेवाले बोट फिरवून बघायचे. फुकटच्या फडक्याला एवढी नाजूक शिवण माणूस उगीच घालत नाही.

"काय आहे काय त्यात?" एकदा त्यांनी बायकोला विचारलंच.

"कशात?"

"तो बाप सरकतो त्यात."

"काही नाही. सरकतो."

"मग?"

"मग काय? येतं मला रडू. तुम्हाला येत नाही, तर मी विचारते का, का येत नाही म्हणून?"

हे उत्तर झालं नाही. चष्मेवाल्यांचा अख्खा धंदा एका प्रश्नावर उभा होता: हे भिंग बरं की हे? माणूस काहीतरी एक सांगतो आणि त्यावरून पुढचं ठरतं. ही बाई काहीच सांगत नव्हती. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"काय रे, तुझ्या ताईला लग्नाआधी कुणी जागा वगैरे देणारं होतं का?"

"कसली जागा? प्लॉट?"

"प्लॉट नाही रे. बसायला. सरकून."

मेहुण्याने बराच विचार केला. "कॉलेजात असताना एकजण बसमध्ये तिच्यासाठी दप्तर ठेवून जागा धरायचा म्हणे. पण तो भलताच जाडा होता. सरकला तरी जागा कितीशी होणार?"

जाड्याने चष्मेवाल्यांचे दोन आठवडे खाल्ले. दुकानात कुणी अंगाने भरलेला माणूस आला की ते त्याचं कॉलेज विचारायचे. शेवटी जाड्या मास्तरांच्या कुठल्याच मापात बसेना, तेव्हा त्यांनी त्याला सोडून दिलं. मास्तर काटकुळे होते.

मग त्यांनी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, तो प्रसंग एकट्याने बघायला सुरुवात केली. जवळून बघितला, लांबून बघितला, एकेक डोळा झाकूनसुद्धा बघितला. आणि दर वेळी त्यांना एकच गोष्ट दिसायची: बापाच्या चष्म्याला नंबर नव्हता. फ्रेममध्ये नुसती साधी काच. वाचायच्या चष्म्यातून म्हाताऱ्याचे डोळे जरा मोठे दिसायला हवेत, गालाची कड भिंगातून थोडी बाहेर सरकलेली दिसायला हवी. इथे गाल आपल्या जागी, डोळे आपल्या जागी. म्हणजे हा माणूस वाचत नव्हता. वाचत नव्हता तर मुलाकडे न बघण्यात मोठेपणा कसला? ज्याला नंबर नाही त्याच्या दुःखावर विश्वास तरी काय ठेवायचा? एवढी ढळढळीत फसवणूक समोर चाललेली असताना दोन शहाणी माणसं रडतात, म्हणजे ती पडद्याकडे बघून रडतच नाहीत. पडद्याआडून एकमेकांशी काहीतरी बोलतात. चष्मेवाल्यांच्या डोक्यावरून, त्यांच्याच फडक्याने.

या निष्कर्षाने त्यांना फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं.

उपाय एकच होता. आपणही रडायचं. एकदा आपल्याही डोळ्यांतून पाणी आलं की मास्तरांचा मक्ता संपला. बायको आपल्या डोक्यावरून मास्तरांना फडकं देण्याऐवजी आपल्याला देईल, आणि कदाचित म्हणेल, "तुम्हालासुद्धा?" तेवढ्या 'तुम्हालासुद्धा'साठी चष्मेवाले काहीही करायला तयार होते. रडायला मात्र येत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई ठरलेल्या वारी येऊन बसायच्या. त्यांच्या खणात छोट्या बाटल्या असायच्या. पांढऱ्या टोपणाची म्हणजे कोरड्या डोळ्यांत घालायचं पाणी, चक्क बनवलेले अश्रू. लाल टोपणाची म्हणजे डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब, आतलं तपासण्यासाठी. हा फरक चष्मेवाल्यांना झोपेतसुद्धा सांगता आला असता. शनिवारी संध्याकाळी त्यांनी खण उघडला आणि हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"शेठ, दांडी सैल झालीय जरा."

मास्तर. हातात चष्मा. चष्मेवाल्यांनी बोटांना लागली ती बाटली खिशात टाकली आणि खण असा काही ढकलला की बोट चेमटलं.

"काय झालं शेठ? घाम फुटलाय."

"उकडतंय."

"पंखा आहे की डोक्यावर."

"त्याचाच वारा गरम येतो. आणा तो चष्मा."

दांडीचा स्क्रू त्यांनी इतका आवळला की मास्तरांना पुढे चष्मा मिटणंच कठीण गेलं. जाताना मास्तर म्हणाले, "उद्या आहे ना मग? बापाचं?"

"आहे," चष्मेवाले म्हणाले. "उद्या बघाच तुम्ही."

रविवारी मध्यंतराची पाटी आली तेव्हा चष्मेवाल्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. "मास्तर, जा की, तिला कपबशा काढायला जरा मदत करा," असं म्हणून त्यांनी बायको आणि मास्तर दोघांना एकत्र स्वयंपाकघरात पाठवलं. मोठं काही साधायचं तर माणसाला त्याग करावा लागतो. आतून कपांचा आणि हसण्याचा आवाज आला. चष्मेवाल्यांनी दात खाल्ले, चष्मा काढला, मान मागे टाकली आणि पडदे ओढलेल्या त्या अंधारात दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. खात्रीसाठी आणखी सोडले. हसणं अजून चालूच होतं म्हणून आणखी एकेक.

बनवलेले अश्रू थंड लागतात. हे झोंबले. डोळ्यांची आग झाली आणि खऱ्याच पाण्याच्या धारा लागल्या. अडचण एवढीच की मध्यंतरानंतर लगेच बापाचा प्रसंग नव्हता. नायकाचा ढेरपोट्या मित्र छत्री घेऊन नाचतो ते विनोदी गाणं होतं.

"अहो!" बाई ट्रे घेऊन थबकल्या. "काय झालं?"

"काही नाही," चष्मेवाले नाक ओढत म्हणाले. "गाणं."

"हे गाणं?"

पडद्यावर ढेरपोट्या छत्रीसकट हौदात पडला. चष्मेवाल्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या वहिनी. प्रत्येकाचं काहीतरी असतं."

बाईंनी फडकं दिलं. पण 'तुम्हालासुद्धा?' असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, जसं चष्मेवाले गेले कित्येक महिने त्यांच्याकडे बघत होते. "छत्री कुणाची आठवली एवढी?" त्या हळूच म्हणाल्या, आणि चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

पुढे सिनेमा सरकत राहिला आणि चष्मेवाल्यांची दुनिया पांढरी होत गेली. टीव्ही जणू कुणी चुन्यात बुडवला. खिडकीच्या फटीतला उजेड सुरीसारखा डोळ्यांत घुसायला लागला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. उपयोग शून्य.

"वहिनी, आलं हं," मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यांना बाप दिसला नाही. मुलगा दिसला नाही. बापाच्या चष्म्याला नंबर नाही हेही आयुष्यात पहिल्यांदाच दिसलं नाही. दिसले ते प्रकाशाचे दोन डाग, एक उभा, एक आडवा. खाट करकरली. आडवा डाग थोडा बाजूला झाला. चष्मेवाल्यांच्या छातीत काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं, पित्त असावं.

आणि मग ते ओरडले, "मला दिसत नाहीये!"

सिनेमा थांबला. बापाचं सरकणं पहिल्यांदाच अर्ध्यावर राहिलं. दिवा लावताच चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांनी हात बाजूला करून बघितलं. "अगंबाई," ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. "वहिनी, डोळ्यांत ओव्हरकोटाची बटणं बसवल्यासारखं दिसतंय."

बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "डोळ्यांत काय घातलं त्यांनी?"

"काही घातलं का हो?"

"छे," चष्मेवाले म्हणाले.

मास्तर सोफ्याखालून काहीतरी उचलत होते. "शेठ, हे तुमच्या खिशातून पडलं वाटतं. लाल टोपण आहे."

डॉक्टरीणबाईंचं हसणं फोनमधून खोलीभर ऐकू आलं. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, संध्याकाळपर्यंत उतरेल, आणि चष्म्याच्या दुकानदाराने असं केलं हे मी कुणाला सांगणार नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटचं त्या कधीच पाळणार नव्हत्या. मास्तर चष्मेवाल्यांना हाताला धरून पलंगापर्यंत सोडून वर गेले. बाईंनी खिडकीला चादर लावली आणि त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"का घातले थेंब?"

"डोळे कोरडे पडतात."

"ते लग्नापासूनच कोरडे आहेत तुमचे. आज काय झालं?"

चष्मेवाल्यांनी उशी तोंडावर ओढली.

"छत्रीवाली कोण ते सांगा."

"छत्रीवाली कुणी नाही! मला त्या बापाला रडायचं होतं. वेळ चुकली."

"बापाला? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही दोघं रडता, मी मध्ये ठोंब्यासारखा बसतो. तू एकदाचं सांगून टाक. कुणासाठी रडतेस? मास्तर आहे की तो बसमधला जाड्या?"

 अंधारात पलंग हलायला लागला. बाई हसत होत्या, तोंडाला पदर लावून, मोठमोठ्याने.

"मास्तर त्यांच्या वडलांसाठी रडतात हो," त्या शेवटी म्हणाल्या. "मास्तरही असेच घर सोडून गेले होते. परत आले तेव्हा वडील खाटेवर हातपाय पसरून पडलेले. इंचभर सरकले नाहीत. मास्तर उभ्या उभ्या परत फिरले. बाकी सिनेमा त्यांना बंडल वाटतो."

"आणि तू?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

चष्मेवाल्यांना आठवण्यासारखं काही सापडेना.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी भांडून माहेरी गेले होते. चांगली उन्हाळाभर. तुम्ही न्यायला आला नाहीत. शेवटी माझी मीच आले, अशीच दुपारची. दार नुसतं लोटलेलं. बॅग घेऊन इथे, या दारात उभी राहिले. म्हटलं, आता एक शब्द जरी टाकून बोलले ना, तर अशीच मागे फिरेन. तुम्ही पलंगावर पडला होतात, डोळे मिटून. काही बोलला नाहीत. बघितलंसुद्धा नाहीत. नुसते भिंतीकडे सरकलात आणि जागा केलीत." त्यांनी पलंगाच्या कडेवर हात फिरवला. "बघितलं असतंत तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून मुद्दाम डोळे मिटून ठेवलेत. इतकं कळतं तुम्हाला, असं मला वाटलंच नव्हतं."

आता मात्र चष्मेवाल्यांना आठवलं. त्या दुपारचं सगळं लख्ख आठवलं. ते जागे झाले तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत होती आणि त्यांच्या मनात आलं होतं, अरे, ही कधी आली? विचारायला जीभ उचलली नव्हती, कारण 'तू आल्याचं मला कळलंच नाही' हे अशा वेळी कुठला नवरा सांगेल? ते गाढ झोपले होते. आणि झोपेत भिंतीकडे सरकायची त्यांना सवय होती, भिंत गार लागते म्हणून.

"काय हो, मुद्दामच ना?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या संसाराची एवढी वर्षं त्या एका वीतभर जागेवर उभी होती, आणि ती जागा करणारा माणूस घोरत होता.

"मग?" ते म्हणाले. "उगीच बघायचं कशाला?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. चष्मेवाले अंधारात डोळे सताड उघडे ठेवून पडून राहिले. खरा प्रतिस्पर्धी आज सापडला होता. जाड्याला दुकानाबाहेर काढता आलं असतं, मास्तरांना वरच्या मजल्यावर गाठता आलं असतं. या तिसऱ्याचं काय करायचं? जे जागेपणी, सगळी अक्कल लावून त्यांना कधी जमलं नव्हतं, ते या गाढवाने झोपेत, नुसत्या गारव्यासाठी करून ठेवलं होतं, आणि बायको आजवर दर रविवारी त्याच्यासाठी रडत होती. चष्मेवाल्यांना त्याचा असा काही राग आला की, संध्याकाळी नीट दिसायला लागल्यावर त्यांनी आरशात बघायचंही टाळलं.

पुढे सिनेमा परत लागला तो पुष्कळ रविवारांनी. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मास्तर "वहिनी, आलं हं" म्हणून मोकळे झाले होते. त्या ट्रे घेऊन दारातच थांबल्या, पडद्याकडे बघत. चष्मेवाल्यांनी त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. दार होतं. बायको उभी होती. असा योग पुन्हा आला नसता. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तिच्याकडे न बघता, न बोलता, पूर्ण जागेपणी ते मास्तरांच्या बाजूला सरकले. चांगले सरकले, खांदा मास्तरांच्या खांद्याला भिडेपर्यंत.

बाई येऊन त्या जागेवर बसल्या. "पाठ धरली का परत?" त्या म्हणाल्या. "उशी घ्यायची की नाही पाठीला?" आणि पडद्याकडे वळून त्या झोपलेल्या माणसासाठी रडायला लागल्या.

चष्मेवाले तसेच अडकून बसले. डावीकडे हुंदके, उजवीकडे मास्तरांचं काटकुळं कोपर बरगडीत. समोर साध्या काचेतून बघणारा बाप. मास्तरांचे डोळे वाहत होते, नजर पडद्यावर होती. तशा अवस्थेत, न बघता, न बोलता, मास्तर सोफ्याच्या हाताकडे थोडे सरकले आणि चष्मेवाल्यांना जागा झाली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. थोडा वेळ तो नुसताच हातात धरला. मग मास्तरांपुढे हात केला.

"फडकं द्या जरा. काच धुरकटलीय."

मास्तरांनी खिशातून निळं फडकं काढून दिलं, चारी बाजूंनी शिवलेलं.

"पुढच्या रविवारी धुऊन आणा," ते म्हणाले.